पुढची बंदूक कोणती? आधी छऱ्यांचा हिशेब करा

मिरजेत गेट, ग्रिल आणि शटरची कामे करणारे आमचे एक जुने वाचक आहेत. गेल्या महिन्यात त्यांची भिशी लागली आणि हाती साठ हजार रुपये आले. त्यांची सतरा वर्षांची मुलगी वर्षभर क्लबच्या एअर रायफलवर नेमबाजी शिकते आहे. "आता बेटीला स्वतःची बंदूक घ्यायची. कोणती घेऊ?" असा त्यांनी आम्हाला प्रश्न केला.

त्याच वेळी मुलीचे मामू साताऱ्याहून आलेले होते. त्यांच्या घरी वडिलांच्या काळापासून बारा बोअरची बंदूक आहे, त्यामुळे त्यांचे मत तयार होते. "छऱ्याची बंदूक म्हणजे पोरांचे खेळणे. घ्यायची तर बावीस बोअरची रायफल घ्या, नाहीतर बत्तीसचे रिव्हॉल्वर. खेळही होईल आणि दुकानाची राखणही होईल."

हा प्रश्न एका घराचा नाही. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हापासून आपल्या भागातील पुष्कळ मुलामुलींना या खेळाची ओढ लागली आहे. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जागतिक विजेत्या झाल्या, आणि राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. ही नावे ऐकून वडील खिशात हात घालतात. पण खिसा मोजका असेल तर पहिला रुपया कोठे घालावा, हे सांगणारा कोणी भेटत नाही. म्हणून हा लेख.

लोखंड आधी, नाव नंतर

मिरजेला हत्यार नवे नाही. आज ज्या घराण्यांच्या सतारी आणि तंबोरे देशोदेशी जातात, ती मूळची शिकलगारांची घराणी. तलवारी, भाले यांना धार लावणे आणि त्यांची दुरुस्ती करणे हा त्यांचा पिढीजात हुन्नर. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांच्या फौजा कमी झाल्या, हत्यारांचे काम आटले आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तोच हात तारवाद्यांकडे वळवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

शिकलगार हत्यार हाती घेई तेव्हा मुठीवरची नक्षी नंतर पाही, आधी लोखंड पाही. बंदूक घेणाऱ्यानेही तेच करावे. दुकानात काचेमागे जे चमकते त्यावर जाऊ नये. ते कोणत्या कामाचे आहे, किती वर्षे चालेल आणि रोज चालवायला किती खर्च येईल, हे आधी विचारावे.

मामूंचा सल्ला का टिकला नाही

मामूंनी सुचवलेली दोन्ही हत्यारे परवान्याची आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याहून लहान वयाच्या मुलांना ठराविक अटींवर, देखरेखीखाली प्रशिक्षण घेता येते. पण परवाना त्यांच्या नावाने होत नाही. मुलगी सतरा वर्षांची. म्हणजे हत्यार वडिलांच्या नावावर होणार आणि मुलीच्या हाती ते केव्हा व कसे द्यायचे, याचा प्रत्येक वेळी नियम पाहावा लागणार.

परवाना हीसुद्धा एक कायमची जबाबदारी आहे. साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे म्हणजे कलेक्टर कचेरीत जातो आणि पोलिसांचा अहवाल येतो. २०१६ च्या नियमांनुसार हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरी ते कुलपात ठेवण्याची हमी लागते. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारांची मर्यादा घातली. खेळाडूंसाठी सवलती आहेत, पण त्या सिद्ध करून घ्याव्या लागतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या निर्णयाप्रमाणे अनेकांना हत्यार जमा करावे लागते. आणि वडिलांची बंदूक मुलाला आपोआप मिळत नाही. वारसाला स्वतःच्या नावाने अर्ज करावाच लागतो. मामूंच्या घरच्या बारा बोअरची ही बाब अद्याप अर्धवट असल्याचे बोलता बोलता निघाले! ते काम त्यांनी सर्वांआधी उरकावे, असे आम्ही त्यांना सांगितले.

आता खेळाच्या दृष्टीने पाहू. आखूड नळीचे बत्तीसचे रिव्हॉल्वर हे जवळच्या संरक्षणासाठी बनवलेले असते. कागदावरच्या बारीक ठिपक्यासाठी नव्हे. बारा बोअरचा खेळ म्हणजे ट्रॅप आणि स्कीट. त्यात हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडतात आणि त्यासाठी मोठे मोकळे मैदान लागते. बावीस बोअरची रायफल मात्र खरी खेळाची आहे. एन.सी.सी.च्या मुलांना तिची ओळख असते, आणि स्वप्नील यांचे पदकही त्याच बोअरचे. पण ती पन्नास मीटरच्या रेंजशिवाय चालवता येत नाही. तशी रेंज आणि रोजची काडतुसे हाताशी नसतील तर ती रायफल वर्षातले अकरा महिने कपाटात राहील.

"खेळ आणि राखण एकाच हत्याराने" हा विचारच आम्हाला पटला नाही. राखणीचे हत्यार भरलेले आणि हाताशी लागते. खेळाचे हत्यार रिकामे आणि कुलपात असावे लागते. ज्या घरात मुले आहेत त्या घरात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

जोर जास्त म्हणजे नेम चांगला नव्हे

एअर रायफलविषयी बाजारात सर्वांत मोठा गैरसमज जोराचा आहे. दुकानदार सांगतो, "ही घ्या, हिचा मार जास्त." दहा मीटरच्या स्पर्धेत माराला काही किंमत नाही. ऑलिंपिकच्या दर्जाची एअर रायफल छर्रा सेकंदाला सुमारे १७० ते १७५ मीटर वेगाने फेकते. तिचा जोर सात-आठ ज्युलच्या आसपास भरतो. कागद फोडायला तो पुरेसा आहे. जोर वाढला की धक्का वाढतो, धक्का वाढला की हात हलतो. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका रायफलसाठी केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

कायद्याच्या दृष्टीनेही ही गोष्ट महत्त्वाची आहे. २०१६ च्या नियमांत ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरचा बोअर आणि २० ज्युलचा जोर या मर्यादा आहेत. त्यांच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही; दुकानदार ओळख आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद ठेवतो. यापैकी कोणतीही मर्यादा ओलांडली की परवान्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून बिलावर बोअर, जोर आणि हत्याराचा क्रमांक लिहून घ्यावा आणि ते बिल दुकानाच्या कागदपत्रांइतकेच जपावे.

तीन जाती, तीन खर्च

एअर रायफलच्या मुख्य तीन जाती आहेत. पहिली स्प्रिंगची. नळी मोडून किंवा दांडा ओढून ताणायची. देशी बनावटीच्या अशा रायफली सर्वांत स्वस्त पडतात. शिकायला बऱ्या, पण आतला दट्ट्या पुढे धावतो तेव्हा रायफल हलते, त्यामुळे एका टप्प्यानंतर गुण वाढत नाहीत. छर्रा न घालता ही जात कधीही चालवू नये. स्प्रिंग आणि आतील सील खराब होते.

दुसरी जात एका ओढीत हवा दाबून घेणारी. पूर्वी स्पर्धांतही या रायफली असत. बाहेरून हवा भरावी लागत नाही, धक्का जवळजवळ नसतो. जुन्या बाजारात चांगली मिळाली तर गरीब घरासाठी उत्तम. अडचण सुट्या भागांची. सील गेले तर ते कोठून मिळेल, हे विकत घेण्याआधी विचारावे.

तिसरी जात पी.सी.पी. म्हणजे आधी भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी. आज मोठ्या स्पर्धांत हीच दिसते. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ, स्टायर ही युरोपातील नावे यातली. नवी घ्यायची तर भिशीची रक्कम अपुरी पडते. किंमत लाखाच्या वर जाते. देशी पी.सी.पी. त्यामानाने पुष्कळ स्वस्त आहेत. मात्र त्यातल्या अनेक रायफली स्पर्धेच्या मोजमापाने बनवलेल्या नसतात. स्पर्धेच्या दहा मीटर रायफलचे वजन साडेपाच किलोंच्या आत असावे लागते आणि दुर्बीण चालत नाही. हे प्रशिक्षकाला दाखवूनच सौदा करावा.

पिस्तुलाचा विचारही करावा. रायफल मारणाऱ्याला जाड जाकीट, विजार, हातमोजा आणि बूट लागतात. पिस्तुलाला यातले जाकीट-विजार काहीच लागत नाही. ठिपकाही मोठा, साडेअकरा मिलिमीटरचा. मुलाचा कल दोन्हीकडे सारखाच असेल तर पिस्तूल हा कमी खर्चाचा रस्ता आहे. पण ज्या मुलीचे वर्ष रायफलवर गेले तिला पैशासाठी पिस्तुलाकडे ओढू नये.

जुने हत्यार घेताना

जुनी पी.सी.पी. घेताना पहिली नजर हवेच्या सिलिंडरवरील तारखेवर टाका. बनवणाऱ्या कंपन्या त्याला दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. एका परिचिताने स्वस्तात मिळाली म्हणून रायफल घेतली. घरी आल्यावर पाहिले तर सिलिंडरची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. नवे सिलिंडर परदेशातून मागवावे लागले आणि स्वस्ताई संपली.

त्यानंतर नळीचे तोंड पाहा. तेथे खरवडलेले असेल तर छर्रा भरकटतो. आत गंज आहे का, लाकडी दस्त्याला तडा आहे का, ट्रिगर प्रत्येक वेळी सारख्याच दाबाला सुटतो का, हे तपासा. हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाब उतरला का ते पाहा. शेवटी रायफल टेकूवर ठेवून दहा छर्रे एकाच जागी मारा. भोके एकमेकांत मिसळली तर सौदा करा. हत्याराचा क्रमांक आणि मूळ बिल जुळत नसेल तर कितीही स्वस्त असले तरी उठून या.

वर्कशॉपमधला ऑक्सिजन

बोलता बोलता वडील म्हणाले, "हवा भरायचा खर्च आम्हाला नाही. वर्कशॉपमध्ये गॅसचे सिलिंडर आहेतच."

येथे आम्ही त्यांना थांबवले आणि सर्व कारागीर बांधवांनाही हे कळकळीने सांगतो. वेल्डिंगचा ऑक्सिजन एअर रायफलमध्ये कधीही भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल किंवा ग्रीस यांची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो. रायफलच्या सांध्यांत वंगण असतेच आणि ती गालाला लावून धरायची असते. गॅस कटिंग करणाऱ्या प्रत्येकाला रेग्युलेटरला तेल का लावत नाहीत हे ठाऊक असते. कारण तेच आहे. पी.सी.पी.मध्ये फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरावी. हवा सुमारे २०० बारपर्यंत भरतात. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तेथे पोचत नाही. खास हातपंप किंवा पाणबुड्यांच्या हवेसारखे सिलिंडर लागते. हा खर्च रायफलच्या किमतीत धरावा.

वर्षाचा हिशेब

आता खरा हिशेब. एका सामन्यात ६० गोळ्या मारायच्या असतात. मुलीने आठवड्यातून पाच दिवस, रोज ६० छर्रे मारले तर आठवड्याला ३०० होतात. वर्षातले ५० आठवडे धरले तर १५ हजार छर्रे. छर्रा रुपयाला पडला तर १५ हजार रुपये, दोन रुपयांना पडला तर ३० हजार. आणि बावीस बोअरचे काडतूस समजा वीस रुपयांना पडले, तर एका दिवसाच्या ६० गोळ्यांचेच १,२०० रुपये झाले. तुमच्या दुकानदाराचा जो दर असेल तो घालून ही आकडेमोड स्वतः करावी.

हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा मामूसुद्धा गप्प झाले. साठ हजारांची रायफल घेतली असती तर छऱ्यांना पैसे उरले नसते. बंदूक एकदाच घ्यायची असते; छर्रे रोज लागतात. ज्याच्याकडे भारी रायफल आहे आणि छर्रे नाहीत, त्याच्यापेक्षा क्लबच्या जुन्या रायफलवर रोज साठ छर्रे मारणारा पुढे जातो.

रोजचा खर्च कमी करण्याचा एक उपाय फुकट आहे. तो म्हणजे छर्रा न घालता केलेला सराव. स्पर्धेच्या बहुतेक पी.सी.पी. रायफलींत त्यासाठी खास सोय असते. भिंतीवर ठिपका लावून उभे राहणे, श्वास धरणे, ट्रिगर दाबणे हे सारे छऱ्याविना होते. दुसरी गोष्ट जागेची. व्यापाऱ्याच्या गोदामात बारा मीटर लांबी सहज निघते. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर, मागे छर्रे अडवणारी भक्कम लोखंडी पेटी, बाजूचे दार बंद आणि मोठे माणूस हजर, एवढे असेल तर सरावाला कोल्हापूरच्या दुधाळी रेंजपर्यंत किंवा पुण्याच्या बालेवाडीपर्यंत रोज जाण्याचे भाडे वाचते. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नये.

कारागिरांना यात काम आहे, पण हद्द पाळा

या खेळात आपल्या माणसांना धंदाही आहे. छर्रे अडवणाऱ्या पेट्या, लक्ष्याचे स्टँड, रायफलच्या पेट्या आणि पिशव्या, छापील लक्ष्यकागद ही कामे आपली वर्कशॉप, शिंपी आणि छापखाने करू शकतात. कॅनव्हास आणि चामड्याच्या जाकिटाचे काम चांगल्या शिंप्याला जमण्याजोगे आहे. मात्र एका थराची जाडी २.५ मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि ताठपणाचीही तपासणी होते. नियम समजून घेऊनच कापड कापावे.

पण हद्द ओळखावी. हत्यार बनवणे आणि दुरुस्त करणे याला शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एम.आय.डी.सी.त लेथवर कोणी नळी घेऊन आला, किंवा एअर रायफलचा जोर वाढवून द्या म्हणाला, तर हात जोडून नकार द्यावा. दोनशे रुपयांच्या मजुरीसाठी लेथ जप्त होण्याची आणि घर कोर्टात जाण्याची वेळ येते.

तसेच मुलांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी. एअर रायफल पाखरांवर चालवायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि सागरेश्वर, मायणी, चांदोली ही ठिकाणे आपल्या दाराशी आहेत. गंमत म्हणून मारलेले एक पाखरू मुलाच्या नावावर गुन्हा चढवू शकते. लग्नाच्या वरातीत परवान्याच्या बंदुकीचे बार काढण्याची हौसही सोडावी. निष्काळजीपणाने असा गोळीबार केल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अखेर काय ठरले

दुसऱ्या दिवशी वडील, मामू आणि आम्ही मुलीच्या प्रशिक्षकांना भेटलो. एवढा वेळ सर्व मोठी माणसे बोलत होती. प्रशिक्षकांनी मुलीलाच विचारले, "तुला काय अडते?" ती म्हणाली, "जाकीट. क्लबचे जाकीट मला ढगळ होते, खांदा सरकतो. आणि छर्रे मोजून मिळतात, चाळीस झाले की थांबावे लागते." रायफलचे नाव तिने काढलेच नाही.

ठरले ते असे. यंदा रायफल क्लबचीच. जाकीट आणि विजार तिच्या मापाची घ्यायची. वर्षभराचे छर्रे एकाच जातीचे, प्रशिक्षकांनी त्या रायफलवर तपासून सांगितलेले, एकदम घ्यायचे. उरलेली रक्कम पोस्टात ठेवायची. वर्षभरात गुण वाढले तर पुढच्या भिशीची भर घालून मुदतीतले सिलिंडर असलेली जुनी स्पर्धेची पी.सी.पी. पाहायची. बावीस बोअरचा विषय तिला एकवीस पूर्ण झाल्यावर आणि राज्य स्पर्धेतले गुण पाहून.

आमच्या वाचकांनाही आमचे हेच सांगणे आहे. पुढची बंदूक निवडण्याआधी मुलाला विचारा की त्याला नेमके काय अडते. पुष्कळदा उत्तर बंदूक हे नसते. आणि ते बंदूकच असेल, तर सर्वांत मोठ्या बोअरची नव्हे, जी रोज चालवणे परवडेल ती घ्या.

निघताना मामू म्हणाले की सोमवारी कलेक्टर कचेरीत जाऊन बारा बोअरचे कागद पुरे करतो. वडिलांनी त्याच संध्याकाळी वर्कशॉपमध्ये छर्रे अडवण्याची पेटी करायला पत्रा कापला.